पट्टा आणि नियम तिसरा

नगर, ता. ९ मार्च १९४७

तीर्थस्वरूप रंगुआत्याबाईंना बनूचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कोपरगावच्या तेलाने वळतो की नाही, ते कळवा. आम्ही सारी खुशाल. सहादेवदादाचा उजवा हात सुजला आहे, पण ती आनंदाची सूज आहे.

कारण जिल्ह्याचा मुष्टियुद्धाचा पट्टा दादाकडेच राहिला! दादाने पलटणीतून शिकून आणलेली ही ठोशांची लढत आपल्या माणसांना नवी. म्हणून मी (घरातली पहिली बी.ए. म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून) इंग्रजी नियम मराठीत उतरवून मैदानाच्या फाटकावर चिकटवले. लेखी दिले की घोटाळा होत नाही, असा माझा विश्वास आहे. पट्टा घ्यायला आले होते सोनईचे गनीभाई. चार फेऱ्या दोघांनी एकमेकांना मनसोक्त बडवले. मागे कोणीच सरेना. पाचवीत दादाचा उजवा बसला आणि गनीभाई पाठीवर आडवे झाले. पंच सुभेदार आकडे मोजू लागले, कारण दहाच्या आत उठला तर गडी जिवंत. पण तुमच्या बन्सीभाऊने (दोन लेकरांचा बाप, पण कुस्तीपलीकडे काही पाहिले नाही, आणि तिथे पाठ टेकली की हार) "पाट लागली! संपलं!" म्हणून हलगी कडकडवली. लोकांनी दादाला फेटा बांधला, खांद्यावर घेतला आणि थेट फाटकाकडे मिरवत नेला. इकडे आठाला गनीभाई उठले, तर समोर कोणीच नाही! रिंगणाच्या दोराला धरून ते ओरडले, "आरं, त्याला माघारी आना! माजं अजून व्हायचंय!" दादा वरून लाथा झाडतोय, "सोडा रं, पट्टा जाईल माजा!" आणि खालचे म्हणतात, "लई लाजाळू गडी हाय!" सुभेदारांनी आता दोरांबाहेर गेलेल्या दादासाठी मोजायला घेतले. नवाला दादा फेट्यासकट दोरांतून आत कोसळला, आणि उरलेली फेरी एका डोळ्यावर फेटा घेऊन लढून एका गुणाने जिंकला.

दादाने बन्सीभाऊला उंबरा बंद केला आहे. मी मात्र वाचनाचे महत्त्व समजावून त्याला उदार मनाने माफ केले.

तुमची,
बनू

ता. क. माफी घेताना बन्सीभाऊ म्हणाला, "बने, वाचूनच तर वाजवली." म्हणून आज फाटकावर जाऊन पाहिले. नियम तिसरा : 'जो गडी चीतपट होईल, तो हरला.' अक्षर माझेच. (दहा आकड्यांचे कलम कागदावर मावेना, म्हणून गाळले होते.)

ता. क. दुसरा. सत्य लपवणे मला मान्य नाही. रविवारी दादाला मी स्वतः सांगणार आहे. तुम्ही शनिवारच्याच गाडीने या, गुडघा दुखत असला तरी या. त्याचा डावा हात अगदी ठणठणीत आहे.