शटरची किल्ली आणि पाच किलोमीटर

२ सप्टेंबर
लाँड्रीच्या काउंटरवरून उठताना गुडघा कट्कन वाजला. मुलगा नेमका समोर. स्वतः ऑफिसात दिवसभर खुर्ची झिजवतो, पण माझा गुडघा वाजला की ह्याचे कान टवकारलेच. सुनेकडे बोट करून म्हणाला, आई, आता बास, दुकान हिला बघू दे, शटरची किल्ली हिच्याकडे दे आणि तू आराम कर. आराम म्हणे. ह्याचा बाप गेला त्या आठवड्यातसुद्धा हॉटेलच्या चादरी मी वेळेवर पोचवल्या. आराम काय, मेल्यावर फुकट मिळतो.
काउंटरवर आमच्या गिऱ्हाईक नर्सबाईंनी चिकटवलेला कागद होता. त्यांच्या हॉस्पिटलची पळायची शर्यत, महिनाअखेरीला, पाच किलोमीटर. मी म्हटलं, ही शर्यत तासाच्या आत संपवते. संपवली तर किल्ली माझ्या कमरेला आणि गुडघ्याचं नाव काढायचं नाही. नाही संपवली तर किल्ली सुनेची. मुलगा हसला. सून हसली नाही. घाबरली असणार.

३ सप्टेंबर
ड्रेस टाकायला नर्सबाई आल्या. स्वतः पळतात, म्हणून शिकवायची हौस. म्हणाल्या, आजी, सुरुवातीला हळू पळा, दम राखून. पळतापळता बोलता आलं पाहिजे, तोच खरा वेग. मी म्हटलं, बोलायचंच असेल तर मला हरवणारी अजून जन्माला यायची आहे.
उद्यापासून पहाटे सराव.

४ सप्टेंबर
हॉटेलच्या चादरी आल्या. सराव नाही.

५ सप्टेंबर
चादरी परत गेल्या. त्या गेल्याचा थकवा.

७ सप्टेंबर, सकाळ
बागेत पळाले. नर्सबाईंचं सगळं पाळलं. फाटकाशी माळी भेटला, त्याच्याशी बोलले. पुढे दूधवाली भेटली, तिच्याशी बोलले. तिच्या जावेचं मोठंच प्रकरण आहे. बोलण्यात कुठेही दम लागला नाही. पळणं तेवढं मध्ये राहून गेलं.

१० सप्टेंबर
नातीने तिचं घड्याळ मनगटाला बांधलं. हाताच्या हालचालीवरून ते अंतर मोजतं. दिवसभर काउंटर सोडता आला नाही, शाळेचे गणवेश आलेले. म्हणून घड्याळ इस्त्रीवाल्याच्या मनगटावर चढवलं. त्याला आम्ही लांबहात्या म्हणतो, हात सकाळपासून इकडून तिकडे चालूच. संध्याकाळपर्यंत अकरा किलोमीटर. दुकान माझं, इस्त्री माझी, त्याला पगार मी देते, मग अंतर काय दूधवालीचं? नात म्हणाली, आजी, तू आज अकरा किलोमीटर शर्टाच्या कॉलरींवरून पळलीस. कार्टी आईवर गेली आहे.

१३ सप्टेंबर
सून म्हणाली, आई, मी येते सोबत, दोघी मिळून हळूहळू पळू. मी म्हटलं, माझ्या वेगाने तुझे हाल होतील. खरं कारण लिहून ठेवते. तिला माझा डाव कळू द्यायचा नाही. डाव असा, की सुरुवातीलाच सगळ्यांच्या पुढे जायचं. दम राखून ठेवायचा कुणासाठी? दम काय लग्नातला कोट आहे, कपाटात टांगून ठेवायला?

१७ सप्टेंबर
पहाटे बागेत गेले, किल्ली कमरेला. दम वाचवण्यासाठी बाकावर जरा टेकले. डोळे मिटून सराव केला. उघडले तर ऊन तोंडावर, माळी पाणी मारतोय. दुकानाची वेळ कधीच उलटून गेलेली.
धावत आले. हे धावणं खरं, पण बघायला कुणी नव्हतं.
पाहते तर शटर वर, गिऱ्हाइकं आत, सून काउंटरवर. उंबऱ्याशी लोखंडाचा चुरा. लांबहात्याच्या हातात करवत. विचारलं तर म्हणाला, टेबलाचा पाय कापत होतो. टेबल चारही पायांवर धडधाकट उभं. सून म्हणाली, ह्यांच्या कपाटात एक जुनी किल्ली सापडली, तिनेच उघडलं. एकूण माझ्या किल्लीची नक्कल घरात होती आणि मला पत्ता नव्हता. असो. नक्कल ती नक्कल. सुनेला चुरा झाडायला लावला. कचऱ्यात उभं राहून धंदा होत नसतो.

१८ सप्टेंबर
मोठ्या मनाने ठरवलं, शर्यत होईपर्यंत सकाळ सुनेकडे. मी पूर्ण वेळ सराव करणार. किल्लीही पुढे केली. म्हणाली, नको आई, ती तुमच्याकडेच राहू दे. हात लावायचीही छाती नाही.

२२ सप्टेंबर
सरावाला विश्रांती. जास्त सरावाने माणूस बिघडतो.

२५ सप्टेंबर
दुपारी दुकानात डोकावले. माझ्यावाचून काय गोंधळ उडालाय ते बघायला. कपडे रंगाप्रमाणे लावलेले, पावत्या खिळ्याला टोचलेल्या, हॉटेलचा माणूस चादरी वेळेत मिळाल्याचं सांगत होता. कोट टाकायला आलेल्या एका म्हाताऱ्याने मला विचारलं, तुम्हीही इथेच टाकता का कपडे? नजर गेली बिचाऱ्याची.

२८ सप्टेंबर, दुपार
शर्यत झाली. सविस्तर लिहिते, म्हणजे उद्या कुणी खोटं बोलायला नको.
किल्ली कमरेला घट्ट बांधली. एक माणूस झेंडा घेऊन उभा होता, त्यावर एक तास असं लिहिलेलं. नर्सबाई म्हणाल्या, आजी, ह्याच्या मागे मागे राहा, तासात पोचाल. मी जन्मात कुणाच्या मागे मागे राहिले नाही. शिट्टी वाजताच सुटले. झेंडा मागे, नर्सबाई मागे, सूनही मागे. ती कधी आली कोण जाणे.
पहिल्या चौकापर्यंत मीच पुढे. ह्याला साक्षीदार आहेत.
चौकानंतर रस्ता चढाचा झाला. म्हणजे आधी तो सपाट होता, मी आल्यावर चढला. नर्सबाई पुढे गेल्या, सूनही. झेंडेवाला गेला, त्याला घाई. किल्ली कमरेत टोचायला लागली. एक बाई दोन वर्षांच्या पोराला ढकलगाडीत घालून गेली. पोराने मला टाटा केला. मी केला नाही.
मग मागे पांढरी गाडी लागली. वयाचा मान म्हणून एकटीसाठी अख्खी ॲम्ब्युलन्स. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, आजी, बसता का, माझं जेवण राहिलंय. मी म्हटलं, तू जेवून ये, मी कुठे पळून जात नाही.
सून मागे वळून आली. शेवटपर्यंत बाजूने चालली, पाणी पाजलं. तिला दम लागला होता म्हणून मी वेग कमी ठेवला.
पोचलो तेव्हा शेवटची कमान उतरवून टेम्पोत चढवत होते. मुलाने घड्याळ दाखवलं. मी म्हटलं, कमानच जागेवर नाही, तर मी ती तासात ओलांडली नाही हे कशावरून?
तरी शब्द म्हणजे शब्द. सगळ्यांसमोर किल्ली सोडून सुनेपुढे धरली. तिने मुलाकडे पाहिलं, मुलाने बुटाकडे. मग माझी मूठ मिटून म्हणाली, राहू द्या आई, तुमच्याकडेच शोभते.
जिंकले. वेळ गेली खड्ड्यात, किल्ली माझी.

२९ सप्टेंबर
पाय लाकडासारखे. तरी सगळ्यांच्या आधी दुकानात पोचले. मालकीण कोण ते दिसलं पाहिजे.
किल्ली घातली. आत जाईना. उलटी घातली. फुंकर मारून घातली. कुलूप चकचकीत, बाजूला कंपनीचा कागदही तसाच चिकटलेला. कोटवाला म्हातारा आला, गठ्ठा घेऊन माझ्या मागे रांगेत उभा राहिला.
सून आली. खिशातून किल्ली काढली, शटर वर गेलं.    आत गेल्यावर तिने माझं स्टूल पुसून काउंटरच्या कडेला ठेवलं.
बसले.
कुलूपवाल्याने पोरीला चांगलंच फसवलंय. एवढं नवंकोरं कुलूप, आणि मालकिणीची किल्ली लागत नाही.