जीपच्या हुडाचा तंबू

अण्णा,

परवा ऑफिसातली एक मुलगी तंबू घेऊन आली होती. शाळेच्या दप्तराएवढी पिशवी, आणि आत काठ्या, दोऱ्या, जाळीची खिडकी, सगळं. जेवणाच्या सुट्टीत तिनं तो गच्चीवर उभा केला आणि सगळे आत शिरून फोटो काढायला लागले. मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही राहिलायत का कधी तंबूत?" मी म्हटलं, "राहिलेय. आमचा जीपच्या हुडाचा होता." तिला वाटलं, मी थट्टाच करतेय. पण तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही आहात.

माझे वडील गेल्यावर काही वर्षांनी आईचं तुमच्याशी लग्न ठरलं, तेव्हा सिन्नरला मामाच्या घरी बैठक बसली होती. मोठ्या माणसांनी ठरवलं की पोरगी मामाकडेच राहील, नव्या संसारात तिची अडचण नको. मी आत पाण्याचे ग्लास भरत होते. मामाकडे माझे हाल झाले असं नाही, खोटं कशाला बोलू. मामीनं कधी हात आखडता घेतला नाही. पण आई एखाद्या रविवारी यायची आणि संध्याकाळी नाशिकला परत जायची, आणि तिला सोडायला मी कधी स्टँडवर गेले नाही. तुम्ही सोबत असलात तर खुर्चीच्या कडेला बसून चहा प्यायचात. तुम्हाला काय हाक मारायची ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी हाकच मारत नसे.

मी सहावीत असताना दिवाळीच्या तोंडावर तुम्ही टेप घेऊन आलात. "जरा सरळ उभी राहा गं," म्हणालात. मला वाटलं, चला, फ्रॉक येतोय. पण तुम्ही डोक्यापासून टाचेपर्यंत एकच माप घेतलंत आणि टेप गुंडाळून ठेवलीत. मामीनं विचारलं, "हे कसलं माप म्हणायचं?" तुम्ही म्हणालात, "झोपायचं." मामी दिवसभर माझ्याकडे संशयानं बघत होती.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ तुमच्या दुकानात तुम्ही जीपची हुडं आणि सीटकव्हरं शिवायचात. तिथंच उरल्यासुरल्या कॅनव्हासचा, त्या मापानं, तुम्ही तंबू शिवलात. आम्हा दोघींना घेऊन सुट्टीत भंडारदऱ्याच्या अभयारण्यात जायचं तुमच्या मनात होतं. चार दिवसांचीच बाब म्हणून मामानं पाठवलं. आईनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, वर तांब्या-भांडं आणि अंथरुणाची वळकटी घेतली. जंगलात निघालो होतो की लग्नाला, देव जाणे. रेस्टहाऊसच्या आवारात तुम्ही तंबू उभा केलात, हुडाला असतात तशा प्लॅस्टिकच्या खिडक्या, पट्टे आणि बकलांसकट. फॉरेस्टचा गार्ड आला, एक फेरी मारली आणि म्हणाला, "हूड तर लय झ्याक हाय. पण जीप कुठं हाय?" आई तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघायला लागली.

सकाळी मी उठले तर दारातून तुमचे पाय गुडघ्यांपर्यंत बाहेर, दवानं भिजून चिंब. माझं माप घेतलं होतंत, आईचं घेतलं होतंत, स्वतःचंच राहिलं होतं. तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "जीपमध्ये माणसं बसतात, झोपत नाहीत. सवय नाही ना." आणि आई हसली. हसता हसता खाली बसली, पुन्हा माझ्याकडे बघून हसली. वडील गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, आणि या हसण्याच्या घरात आपण राहत नाही याचा रागही आला.

मग परतीच्या वाटेवर घोटी. इथून एक रस्ता सिन्नरला जातो, दुसरा नाशिकला, आणि दोन्हीकडच्या जीपवाल्यांचा आरडाओरडा चाललाय. आई माझी पिशवी उचलून सिन्नरच्या जीपकडे निघते. तुम्ही जागचे हलत नाही.

"तिला विचारलंय का कुणी?" तुम्ही म्हणता.

"अहो, बैठकीत ठरलंय. दादाला काय तोंड दाखवू मी?"

"बैठकीत तरी तिला कुठं विचारलं?" मग तुम्ही माझ्याकडे वळता. "तुला कुठं राहायचंय? सिन्नर म्हणालीस तरी मला राग नाही. मी येत जाईन."

जीपवाला म्हणतो, "ताई, बसताय का? नायतर दुसरं शीट घेतो." आई पिशवी घेऊन तशीच उभी आहे. आत्तापर्यंत सगळ्यांनी मला सांगितलं होतं. विचारलं कुणीच नव्हतं.

"माझी शाळा?" मी म्हणते.

"दाखला मी आणतो. मामाची बोलणीही मीच खातो."

"मग नाशिक," मी म्हणते.

मामाची बोलणी तुम्ही पोटभर खाल्लीत. पुढच्या भाऊबीजेला मामा आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आला आणि जाताना तुमच्याकडूनच स्कूटरचं सीट शिवून घेऊन गेला. तुमचे कारागीर तुम्हाला अण्णा म्हणायचे, मी तेच उचललं. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. आपल्याला मिळालेली ती वर्षं मी कुणाशीही बदलणार नाही.

एक मात्र कधी बोलले नाही. आईवाचून करमेना म्हणून पोरगी नाशिकला आली, असं आई अजून सगळ्यांना सांगते. सांगताना तिचा चेहरा असा फुलतो की मीही मान हलवते. पण त्या दिवशी घोटीला आई माझी पिशवी घेऊन चालायला लागली होती, अण्णा, आणि तुम्ही थांबला होतात. मी तुमच्यासाठी आले. हे पत्र टाकायचं म्हटलं तर तुमचा पत्ता आपल्या घराचाच, आणि घरी आलेलं टपाल अजून आईच उघडते.