दोन गंधारांच्या मधला सूर

उस्ताद, तुमचं ते ऊद नावाचं अरबी वाद्य पहिल्यांदा हातात घेतलं त्या सकाळी मी दुकान झाडलं, गणपतीला उदबत्ती लावली आणि सरस गरम करायला ठेवला. गावच्या शाळेत दहावी करून मी गांधीबागेतल्या बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या दुकानात नुकताच लागलो होतो. नागपूरच्या मे महिन्यानं तुमच्या त्या फुगीर पोटाच्या तंतुवाद्याची फळी उकलली होती. मालकांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "काय आणलं गा हे? अर्धं टरबूज?" तुम्ही हसून म्हणालात, "हाँ सेठ, मगर मीठा है," आणि त्या फुटक्या वाद्यावरच दोन ओळी वाजवल्यात. मालकांच्या हातातला चहा तसाच राहिला.

तुमची हकिगत मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळली. समुद्रकाठचं अरबी शहर, बंदरावरच्या खलाशांकडून उचललेली हिंदी, जहाजावर माल चढवणारे वडील, घरात गाण्याला मनाई. लग्नघराच्या भिंतीला कान लावून तुम्ही शिकलात. पुढे तिथल्या रेडिओवर वाजवायला लागलात, चाली बांधायला लागलात, आणि कोळी जाळं ओढताना त्या म्हणू लागले. मग लढाई आली, केंद्र जळालं, त्याबरोबर टेपाही. मुलगा इथे शिकत होता म्हणून तुम्ही धरमपेठेतल्या एका खोलीत येऊन राहिलात. मी सकाळी दूध घेऊन यायचो तेव्हा तुमची नमाज झालेली असायची आणि तुम्ही तेच ते चार सूर घोटत बसलेले. साठी उलटलेला, नावाजलेला माणूस नवशिक्यासारखा बसला आहे, हे मी दारातून बघतो आहे, आणि आवाज होऊ नये म्हणून दुधाचं भांडं हातातच धरून उभा आहे. माझ्या पूजेत तेव्हापासून थोडी सावकाशी आली.

एका गुरुवारी तुम्ही बेसा गावच्या मारुतीच्या देवळात आमच्या मंडळाचं भजन ऐकायला आलात, पायरीवर बसलात. आठ दिवसांनी त्याच अभंगाला तुम्ही नवी चाल दिलीत. ती तुमची शेवटची ठरली. तिच्यात एक गंधार होता, कोमलही नाही आणि शुद्धही नाही, दोघांच्या मधला. उदावर पडदे नसतात, तुमचं बोट बरोबर तिथे जाऊन थांबायचं. पेटीत तशी पट्टीच नाही, म्हणून मी वहीत कोमल लिहिला आणि मोठ्या हौसेनं तुम्हाला वाजवून दाखवला. तुम्ही आजारी होतात, तरी उठून बसलात. "ये किसका गाना है? मेरा तो नहीं." मी म्हटलं, पेटीत तो सूर नाही. "पेटी भगवान ने बनाई क्या? तेरे जैसे ने बनाई. तो बदल." मी वही मिटली. महिन्याभरात तुम्ही गेलात.

पंचवीसेक वर्षं आम्ही ती चाल दर गुरुवारी कोमल गंधारानंच म्हटली. पेटीचा नाइलाज आहे, असं मी सांगत आलो. ते खरं नव्हतं. रीड, म्हणजे सुराची पितळी पात, कानसीनं घासून सूर चढवणं हे माझं रोजचं काम. पण आता माझं स्वतःचं दुकान आहे, लोक पेट्या सुरात लावायला माझ्याकडे येतात. मिस्त्रीचीच पेटी बेसूर लागली तर कोण येणार, ही भीती होती.

गेल्या महिन्यात तुमच्या मुलाचा परदेशातून फोन आला. "अब्बा की एक भी धुन हमारे पास नहीं रही. आपके पास है न?" मी होय म्हटलं आणि त्या रात्री झोप आली नाही. मी पाठवीन तीच तुमची चाल म्हणून तुमच्या नातवंडांच्या तोंडी बसणार होती.

या गुरुवारी सकाळी मी माझी पेटी उघडली आणि कोमल गंधाराच्या रीडांची टोकं घासली. पितळ घासलं की परत भरत नाही. संध्याकाळी पहिलीच ओळ वाजली तसा मृदंगवाला थांबला. "काहून गा मिस्त्री, लोकायच्या पेट्या सुरात लावतं अन् घरची बेसूर?"

"बेसूर नाही गा. आता दुरुस्त झाली. तू धर ठेका."

तिसऱ्या खेपेला सगळ्यांचे गळे त्या जागी पोचले. मी ते मोबाइलवर टिपलं आणि तुमच्या मुलाला पाठवलं. इतकी वर्षं आम्ही चुकीचं गात होतो आणि ते माझ्यामुळे, हे मात्र त्याला कळवलं नाही. ते तुम्हालाच सांगितलं.