गाण्यात लागलेले माझे लग्न खरे न धरण्याबाबत

प्रति,
मा. विवाह निबंधक (जादा कार्यभार),
उपनगर शाखा क्रमांक तीन,
अंधेरी (पश्चिम), मुंबई.

विषय : चित्रफितीतले गाणे व प्रत्यक्ष समारंभ यांतील फरकाचा खुलासा सादर करून अविवाहित असल्याचा दाखला मिळणेबाबत. (अर्ज चौथा)

संदर्भ : आपले पत्र क्र. उन/३/चित्रफीत/८७, दि. २ फेब्रुवारी १९८७.

महोदय,

१. मी मढ कोळीवाड्यात राहणारी, वय वर्षे तेवीस, एस.एस.सी. पास असून येथील मच्छीमार संस्थेचा पत्रव्यवहार सांभाळते. ‘तशी तरतूद नाही’ हे वाक्य मी स्वतः पुष्कळ लोकांना लिहून पाठवले आहे. ते आपल्याला आले की कसे लागते, हे मला गेल्या दीड वर्षात कळले. ज्यांना पाठवले त्यांची मनातल्या मनात माफी मागितली आहे.

२. प्रकरणाची हकीकत थोडक्यात अशी. जानेवारी १९८५ मध्ये मालाडच्या ‘चांदवेल व्हिडिओ’ या कंपनीने आमच्या आळीत एका कोळीगीताचे चित्रीकरण केले. गाण्यात कोळ्याचे लग्न होते. नवरीचे काम करणाऱ्या मुलीला होडीत बसताच बोट लागली, म्हणून आयत्या वेळी मला शालू नेसवून उभे केले. नवरा म्हणून घाटकोपरचे श्री. लवू यांना आणले होते. ते एका कारखान्यात फिटर आहेत, मिशा चांगल्या आहेत आणि हौशी नाटकांत काम करतात. कंपनीला मांडवात एक म्हातारी बाई हवी होती, म्हणून माझ्या वडिलांची आत्या सरूबाई हिला बसवले. ती धवलारीण आहे. आमच्याकडे जुन्या रीतीने लग्न धवलारीण लावते. ती धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, पहिल्यापासून शेवटपर्यंत गाते आणि शेवटचा धवळा संपला की लग्न लागले असे धरतात.

३. दिग्दर्शकांनी सरूबाईला सांगितले की गाणे स्टुडिओत आधीच भरलेले आहे, तुम्ही फक्त ओठ हलवा. त्यावर ती म्हणाली, “तोंड उघरलं तं गानारच. मुक्यानं धवला नाय होत.” आणि ती गाऊ लागली. पाच मिनिटांत त्यांचे काम झाले, तिचा खरा आवाजही फितीत आला, फीत संपली, दिवे विझले. पण धवळा सुरू केल्यावर धवलारीण मध्ये थांबत नाही. ती पाऊण तास गात होती. कंपनीच्या माणसांनी तोवर वडापाव खाल्ले. मी आणि श्री. लवू समोरासमोर तसेच उभे राहिलो, कारण म्हाताऱ्या माणसाला अर्ध्यावर सोडून जायचे कसे! या भिडेपायी माझी वाट लागली. (शब्द कार्यालयीन नाही याची जाणीव आहे.)

४. त्यानंतर माझे लग्न गावातल्याच श्री. लहू यांच्याशी ठरले. सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी आमच्या जमातीचे पंच म्हणाले, हिचे लग्न लागलेले आहे, सगळ्या आळीने पाहिले, कॅसेटही आहे. तेव्हापासून मी अडकले. कॅसेट खूप खपली. आता प्रत्येक हळदीला भाड्याने व्हीसीआर आणतात आणि तीच लावतात. बायका हौसेने टीव्हीवर अक्षता टाकतात. गेल्या मोसमात माझ्यावर, म्हणजे काचेवर, एकवीस वेळा अक्षता पडल्या. मला मात्र हळद लावायला सवाष्णींत बोलावत नाहीत आणि पोरींच्या घोळक्यातही घेत नाहीत. मी बाहेर चपलांजवळ बसते आणि आतून माझ्याच लग्नाचे गाणे ऐकते. महोदय, मला गुदमरते.

५. आपल्या पहिल्या पत्रात विवाह न झाल्याचा दाखला देण्याची तरतूद नाही, असे कळवले. दुसऱ्या पत्रात, विवाह आधी नोंदवावा, मग तो रद्द करण्याचा विचार करता येईल, असे कळवले. त्याप्रमाणे मी श्री. लवू यांना भेटले. ते रडकुंडीला येऊन म्हणाले, “माका काय ठाऊक? माका सांगल्यांनी, हंय उभो रव. उभो रवलंय!” त्यांची पत्नी सौ. सुगंधा यांनी मला चहा दिला आणि दोन मुले समोर आणून उभी केली. नोंद केली तर त्यांच्यावर दुसऱ्या लग्नाचा खटला होईल. म्हणून तो मार्ग मी सोडला.

६. आपल्या संदर्भीय पत्रात, सदर फीत गाणे आहे की समारंभ, याचा खुलासा इतर प्रकारच्या गाण्यांशी तुलना करून द्यावा, असे म्हटले आहे. त्यासाठी मी मालाडच्या मालवणी भागातल्या व्हिडिओ पार्लरमध्ये बसून एक्केचाळीस कॅसेटी पाहिल्या. पार्लरचे मालक श्री. चंद्रप्रकाश यांनी दुपारी मशीन मोकळे दिले. माझे निष्कर्ष असे आहेत. पूर्वी गाणे पिक्चरच्या पोटात असायचे आणि त्याला मागची-पुढची गोष्ट असायची. एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आले, मागोमाग व्हीसीआर आले आणि कंपन्या नुसत्या गाण्यालाच चित्र लावू लागल्या. गोष्ट गेल्यामुळे कोण खरे नवरा-बायको आणि कोण खोटे, हे सांगणारे कोणी उरले नाही. माझ्या अडचणीचे मूळ मला इथे दिसते.

७. पिक्चरच्या गाण्यात नायिका एका कडव्यात डोंगरावर असते, दुसऱ्यात बागेत, आणि मध्ये साडी बदलते. प्रवास कसा केला हे कोणी विचारत नाही. लावणीच्या कॅसेटींत फेटेवाले प्रेक्षक दिसतात. मी मोजले, चार वेगवेगळ्या कॅसेटींत तेच आठ जण आहेत आणि ठेका पडण्याआधीच मान डोलावतात. भजनाच्या कॅसेटीत संतांच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा राहिलेला आहे. कव्वालीत दोन पक्ष एकमेकांना आव्हान देतात, पण हरणाऱ्याचा चेहरा पहिल्यापासून पडलेला असतो. डिस्को गाण्यांत धूर आणि दिवे असतात, एकटीच बाई गाते आणि कोणाचेही लग्न लागत नाही. हा प्रकार मला सर्वांत सुरक्षित वाटला. कोळीगीतांबद्दल तर बोलायलाच नको. टोपलीत मासळी नसते, होडी बांधलेली असते आणि जाळे वाळूतून ओढतात. या सर्व प्रकारांना एकच नियम लागू आहे. ओठ एकाचे, आवाज दुसऱ्याचा, आणि तो आधी कधीतरी भरलेला. एक्केचाळीस कॅसेटींत या नियमाला अपवाद एकच सापडला, तो म्हणजे माझ्या कॅसेटीतली सरूबाई.

८. हे लिहिताना माझाच खुलासा माझ्यावर उलटला, हे मला दिसते आहे.

९. आता एक गोष्ट मुद्दाम कळवते. श्री. चंद्रप्रकाश यांनी फीत शेवटच्या चित्रावर थांबवली, तेव्हा दिसले की दुसराच धवळा सुरू होतो आणि त्याच्या दुसऱ्या ओळीवर फीत संपते. पंचांना हे सांगितले. ते म्हणाले, धवळा तिथेच राहिला असे सरूबाईने लिहून दिले तर पोर मोकळी. मी घरी कोणाला बोलले नव्हते. तरी गेल्या मंगळवारी सरूबाई काठी टेकत संस्थेत आली आणि म्हणाली, “लिव. धवला अर्धाच रायला, आसं लिव.” मी लिहिले. तिने अंगठा दिला. मग शाई पदराला पुसत बसली. तिने या गावातली निम्मी लग्ने लावली आहेत, माझ्या आईचेही. धवळा अर्धा टाकणारी म्हटल्यावर तिला कोणी मांडवात बोलावणार नाही आणि बायका आपापल्या लग्नाबद्दल विचारू लागतील. हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. ज्यांच्याशी माझे ठरले आहे ते श्री. लहू म्हणाले, “कागद देऊन टाक ना गं, म्हातारी सोताहून देते.” त्यांनी आठ महिने थांबतो म्हटले होते, त्याला आता दीड वर्ष झाले. त्यांचा राग मला समजतो.

१०. ते निवेदन मी या अर्जाला जोडलेले नाही. ते मी फाडले. धवळे पूर्ण झाले होते. मी समोर उभी होते आणि शेवटची ओळ मी कानांनी ऐकली. हे मी माझ्या हस्ताक्षरात, माझ्याविरुद्ध वापरता येईल असे लिहून देत आहे.

११. तरी विनंती की, धवळे पूर्ण झाले आणि माझे लग्न झाले नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत असे एका कागदावर लिहून त्यावर आपला शिक्का द्यावा. छापील नमुन्यात दोन्हींसाठी मिळून जागा नसेल, तर त्याची मागची बाजू कोरी असते. मी पाहिली आहे.

उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
कमळ हरेश्वर कोळी
मढ, दि. ९ एप्रिल १९८७

सोबत : १. चित्रफीत, एक. (हळदीचा मोसम सुरू होत आहे. ही आळीतली शेवटची प्रत आहे, परत पाठवू नये.)
२. पाहिलेल्या एक्केचाळीस कॅसेटींची यादी.