पाकिटातल्या तिथी

मयिलापूर, मद्रास
१२ ऑगस्ट १९६१

सासूबाई,
इथूनच वाकून नमस्कार करते.

गाठ निघाली, कर्करोग नाही, हे तुमच्या चिरंजीवांनी तारेनं कळवलंच असेल. त्यांना जे ठाऊक नाही, ते मी लिहिते आहे.

दोन पाळ्यांच्या मध्येही मला रक्त जायचं. दर वेळी बाहेर बसले असते तर अर्धा महिना स्वयंपाक तुमच्यावर पडला असता. म्हणून मी लपवलं आणि तशीच सोवळ्यात रांधत राहिले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हाही नाहीच म्हणाले.

मग त्यांनी, निघताना तुम्ही डॉक्टरांसाठी दिलेलं पाकीट उघडलं. मला वाटलं, ओळखीची चिठ्ठी असेल. त्यांना मराठी कुठलं यायला! "अम्मा, तुम्हीच वाचा," म्हणाल्या. त्यात दोन वर्षांत मी लपवलेल्या सगळ्या तिथी होत्या! त्या ऐकल्यावर बाईंनी भूल देऊन गर्भाशय आतून खरवडला, तेव्हा अस्तराला देठानं लोंबणारी बोराएवढी गाठ सापडली.

एवढं कळत होतं, तर एकदा रागवायचं तरी!

घरी आलेलं पत्र मामंजी मोठ्यानं वाचतात, म्हणून हे मी टाकणार नाही. पण त्या यादीत कार्तिकातली द्वादशीही होती. त्या दिवशी पारण्याला तुम्ही माझ्या हातचा भात दोनदा मागून घेतला होता.

तुमची,
भवानी