आमच्या घरातला तिसरा ब्राउजर

जेल रोड, नाशिक रोड
मंगळवार

श्रीयुत सोमनाथराव यांस,

चिंतामणचा नमस्कार. (मायना वाचून दचकू नकोस. पंचेचाळीस वर्षं 'सोम्या' लिहिलं, आजही तेच लिहायला बसलो होतो, पण 'सो' पाशी पेन अडलं. का अडलं ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? लासलगावच्या कांदा मार्केटात ट्रॉल्यांमधून फिरत लिलाव पुकारणं डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं होतं, ते केलंस का? आमच्याकडे म्हणावं तर सगळं ठीक आहे. मी मात्र चार दिवस झाले हबकलेलाच आहे. काल रक्तदाब तपासायला गेलो तर तिथल्या मुलीने आकडा पाहिला, यंत्र बदललं आणि पुन्हा मोजला. रविवारपासून सात वेळा तुला फोन लावला. वाजतो आणि तू उचलत नाहीस. म्हणून शेवटी कागद घेतला. पाकिटावर माझं अक्षर दिसल्यावर ते न फोडता ठेवायची तुझी छाती नाही.

झालं असं की मागच्या सोमवारी वीजबिल भरायचं होतं. आमच्या घरी हे काम छायाचं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं. (ती कोण हे तुला सांगायला नको, पण पत्राची रीत म्हणून लिहितो.) भाऊजी गेल्यापासून अकरा वर्षं ती आमच्याकडेच आहे, आणि कॉम्प्युटर नावाचा प्राणी या घरात फक्त तिचं ऐकतो. ती आठ दिवसांसाठी पुण्याला मैत्रिणीकडे गेली होती. मी म्हटलं, आपणच भरू, त्यात काय मोठंसं. तीस वर्षं प्रेसमध्ये नोटांच्या यंत्रावर काढली, हे डबडं काय चीज आहे! चालू केलं तर पडद्यावर तीन चित्रं. एक निळी लाट, एक रंगीत भिंगरी आणि एक शेपटीत तोंड खुपसून बसलेला कोल्हा. हे तिन्ही म्हणे ब्राउजर, म्हणजे इंटरनेट बघायच्या खिडक्या. आता एका घराला एकच इंटरनेट असताना खिडक्या तीन कशाला, हे मी पुण्याला ओवीला फोन करून विचारलं. नात हसायलाच लागली. म्हणाली, "आजोबा, भिंगरी. दुसरं काही बघूच नका." मग पुतण्याला विचारलं. आल्हाद सातपूरच्या कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करतो. तो म्हणाला, "काका, भिंगरी अजिबात नको, तुम्ही काय बघता ते सगळं तिकडे कळतं. कोल्हा वापरा." आमच्या हिला विचारलं तर कुसुम म्हणाली, लाट बरी, ती मशीनबरोबर आलेली आहे, माहेरून आलेलं भांडं कोणी टाकतं का?

तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. मी चपला घेताना तीन दुकानांतल्या तीन जोड्या घालून चालून बघतो. तसंच इथेही करायचं ठरवलं. दोन दिवस लाट वापरली. ती दर पाच मिनिटांनी विचारायची, मला कायमचं ठेवाल का? (अहो बाई, आधी काम तर दाखवा!) बुधवारी भिंगरी लावली. तिच्यात एकदा मोजे शोधले, तर दिवसभर जिथे जावं तिथे मोजे. पंचांग उघडलं तरी शेजारी मोजे. घाबरून बंद केली. राहता राहिला कोल्हा. गुरुवारी सकाळी आंघोळ करून, चष्मा पुसून कोल्हा उघडला आणि वरच्या पट्टीत 'वीजबिल' लिहायला घेतलं. ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ होऊन 'वि' पडला, तेवढ्यात कोल्ह्याने पुढचं आपणच लिहून टाकलं: 'विधुर विधवा विवाह नोंदणी कागदपत्रे नाशिक.'

सोम्या, माझा हात माऊसवर होता तो तसाच राहिला. (बघ, शेवटी सोम्याच आलं.) वाटलं, यंत्र बिघडलं. खोडून 'स' लिहिला तर 'साठीनंतर लग्न केल्यास काय म्हणतात.' 'क' लिहिला तर 'कुटुंब निवृत्तिवेतन पुनर्विवाहानंतर बंद होते का.' मग 'ल' लिहिला, तर 'लासलगाव आजचे हवामान.' त्यावर मी मनाशी म्हटलंसुद्धा, की आपल्या घरात कोणाला लासलगावच्या हवामानाची पडलीय! यावरून माझ्या बुद्धीचा अंदाज तुला येईल.

कुसुमला हाक मारली. ती ओल्या हाताने आली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अखेर तोंड उघडलंत म्हणायचं." मी म्हटलं, हे कोण बघतं ते सांग. तर ती एकदम उसळली. "मी तुम्हाला विचारायचं ते तुम्ही मलाच विचारता? सोमवारी तुम्ही झोपल्यावर मी हे चुकून उघडलं. तीन दिवस गप्प बसलेय. विधुर व्हायला आधी मी जावं लागतं ना? तर ऐकून ठेवा, मी कुठ्ठेही जात नाहीये!" तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तीन दिवस आमटीत मीठ का नव्हतं. मी देवाची शपथ घेतली, आईची घेतली, शेवटी पेन्शनची घेतली, तेव्हा तिचा विश्वास बसला. मग आम्ही दोघांनी मिळून आल्हादवर संशय घेतला, कारण कोल्हा त्यानेच बसवला होता. तो फोनवर शांतपणे म्हणाला, "काका, माझं पहिलंच जमत नाहीये." तिसरं नाव आम्हा दोघांच्याही तोंडाशी येत होतं आणि दोघंही ते गिळत होतो.

छाया शनिवारी दुपारी आली. दारातून आम्ही दोघं कॉम्प्युटरसमोर बसलेले तिला दिसलो. तिने चपला काढल्या, पिशवी ठेवली, हातपाय धुतले आणि येऊन म्हणाली, "दादा, ते माझं आहे."

मी विचारलं, "कोण आहे?"

"सोमनाथ."

"कोणता सोमनाथ?"

"तू असे कितीजणांना ओळखतोस?"

कुसुमने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती! चार वर्षं तू दर महिन्याला येतोस, माझ्या खुर्चीत बसतोस, "चिंतू, तुमच्याकडं चहा लय गोड असतोय बरं का," म्हणतोस, आणि मी प्रत्येक वेळी डबा उघडून साखर तपासतो. जो माणूस पाचशे ट्रॅक्टरांच्या गोंगाटात भाव पुकारतो, तो माझ्या घरात माझ्याच बहिणीशी इतक्या हळू कसा बोलला की माझ्या कानावर चार वर्षांत एक अक्षर आलं नाही? मी चिडलो. खोटं कशाला लिहू, बरंच बोललो. आपली जात काय, त्यांची काय, या वयात हे काय, लोक काय म्हणतील, सगळं बोलून झालं. छाया ऐकत उभी होती. मग म्हणाली, "दादा, अकरा वर्षांत तू मला औषध हवं का विचारलंस, शाल हवी का विचारलंस. मला काय हवं ते कधी विचारलं नाहीस. मीही नाही विचारलं स्वतःला. यांनी विचारलं."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, अगं, पण निदान ते पुसून तरी टाकायचंस. पुसता येतं म्हणे. तर ती म्हणाली, "येतं ना. मला येतं पुसायला." आणि चहा टाकायला आत गेली. तोंडाने सांगायचा धीर होत नव्हता म्हणून माझ्या बहिणीने ते तसंच ठेवून दिलं होतं, वीजबिलाच्या तारखेच्या तोंडावर, आणि आठ दिवस पुण्याला निघून गेली होती.

ब्राउजरचं म्हणशील, तर काल सोमवारी वीजबिल मी केंद्रावर रांगेत उभा राहून भरलं. पुढचे-मागचे सगळे माझ्याच वयाचे होते. कोणी कोणाचं काही पुढचं लिहून टाकत नव्हतं.

राग म्हणशील, तर अजून थोडा आहे. तू भेटलास की जाईल, म्हणून तोवर टिकवून ठेवला आहे. फोन उचलत जा. घाबरायचं वय तुझंही नाही आणि घाबरवायचं माझंही उरलेलं नाही.

तुझा,
(आता नक्की काय लागतो ते कुसुम ठरवतेय)
चिंतामण

ता. क. नोंदणीला तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि तीन साक्षीदार लागतात. मी, कुसुम आणि आल्हाद. तुझा जन्माचा दाखला, फोटो आणि वहिनींच्या मृत्यूचा दाखला घेऊन रविवारी ये. ही यादी मी कोल्ह्यातूनच काढली, भिंगरीत लिहिलं असतं तर पंचांगाशेजारी मुंडावळ्या दिसल्या असत्या.

ता. क. दुसरा. वरचं सगळं नाही वाचलंस तरी चालेल, मला खरं एवढंच लिहायचं होतं. लग्न झालं की बायकोला आपल्या गावी न्यायची रीत आहे, मान्य. पण आमच्या समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत, लिफ्ट नाही, पण अकराच पायऱ्या आहेत, मी मोजल्या. मालकाला "पाहुणे बघायला येणार आहेत" असं सांगून किल्ली आणून ठेवली आहे. छायाला यातलं काही माहीत नाही, तू सुचवलंस असंच तिला वाटू दे. काल मी त्या खिडकीत जाऊन उभा राहिलो आणि कुसुमला आमच्या स्वयंपाकघरातून हाक मारायला लावली. स्पष्ट ऐकू येते.