यंत्राच्या कपाळावरचं कुंकू

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझा राग काही गेलेला नाही. आज तो परत उफाळून आला, तोही एका हातभर उंचीच्या यंत्रापायी. तुमची नात सात वर्षांची आहे. ती स्वमग्न आहे. हाक मारली तरी वळत नाही, कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, बोलते तेही क्वचित. तुम्ही तिला हट्टीच म्हणाला असता, मला म्हणायचात तसं. तासगावच्या घरात माझी हनुवटी चिमटीत धरून तुम्ही ओरडायचात, "बोलतोय न्हवं मी? बग की माज्याकडं! डोळं फुटलं का?" मी बघायची नाही. मग चिमूट आणखी आवळायची. आणि खंडेनवमीला त्याच बोटांनी तुम्ही ट्रॅक्टरला इतक्या मायेनं कुंकू लावायचात, की मला त्या ट्रॅक्टरचा हेवा वाटायचा.

आता मी तिला विश्रामबागेतल्या एका केंद्रात नेते. तिथं अशा मुलांना शिकवायला एक बोलका रोबो ठेवलाय. "माझ्याकडे बघ," असं तो न चिडता परत परत म्हणतो, आणि ही बघते. मी जन्म दिला, मी रात्री जागवल्या, आणि तिची नजर मिळते त्या प्लॅस्टिकच्या थोबाडाला. मला तो डोळ्यांसमोर नकोसा होतो.

आज खंडेनवमी. केंद्रातल्या मावशींनी सगळ्या यंत्रांची पूजा केली आणि रोबोच्या कपाळावर चांगलं ठसठशीत हळदीकुंकू फासलं. म्हणाल्या, "येवढं लेकरावानी बोलतंय, त्याला कुंकू न्हाई लावायचं व्हय?" त्याचा कॅमेरा नेमका कपाळातच. तो बिचारा मान फिरवत राहिला, "तू मला दिसत नाहीस. कुठे आहेस?" खरं सांगते, मला बरं वाटलं. होऊ दे मेला आंधळा! तेवढ्यात ही उठली, फ्रॉकच्या टोकानं तिनं त्याचं कपाळ पुसलं आणि त्याच्यापुढं तोंड नेऊन म्हणाली, "हितं."

घरी आल्यावर मी तिच्यासमोर बसले. डोळे मिटून, अगदी रोबोच्या आवाजात म्हणाले, "तू मला दिसत नाहीस. कुठे आहेस?" बराच वेळ वाट बघितली. डोळे उघडले तर ती भिंतीकडं बघत होती.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. माझा हात तेव्हा तिच्या हनुवटीपर्यंत गेला होता. चिमूट करूनच गेला होता, आबा.